एकदाच विचारणारा कॉम्प्युटर

ऑर्लिनचा जुना कॉम्प्युटर जानेवारीत गेला. ज्या गॅरेजात मिनेसोटाचा हिवाळा उंदीरसुद्धा काढत नाहीत, तिथे त्याने पंधराएक हिवाळे काढले होते, तेव्हा कोणी ऊर बडवून घेतला नाही. घोटाळा एवढाच झाला, की जाताना तो पाळणा अर्धा टाकून गेला.

ऑर्लिन ट्वेट माझ्या समोरच्या घरात राहतो. जन्मभर शाळेत सुतारकाम शिकवलं. आमच्या न्यू हालिंगमधे ज्यांची दहाही बोटं शाबूत आहेत ते त्याचे विद्यार्थी, आणि ज्यांची नाहीत तेही त्याचेच, पण न ऐकणारे. बायको, व्हर्ना, गेल्यापासून तो गॅरेजातच असतो. तिथे त्याचं कोरायचं यंत्र आहे. कॉम्प्युटरवर नक्षी काढायची, खाली फळी आवळायची, की पातं आपलं आपण फिरत नक्षी कोरून देतं. नाताळाच्या तोंडावर मॅडिसनला राहणाऱ्या त्याच्या मुलाला, ब्रेंटला, मुलगी झाली. एल्सी. ऑर्लिनची पहिली नात. तिच्या बाप्तिस्म्याला द्यायचा म्हणून त्याने पाळणा करायला घेतला, आणि डोक्याकडच्या फळीसाठी वेल काढली, मधोमध एक पक्षी. डावीकडची पानं कोरून झाली, पक्ष्याची चोच झाली, आणि कॉम्प्युटरने मान टाकली. फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी बाप्तिस्मा, आणि फळीवर नुसती चोच.

"पाळणा घेऊन कधी निघणार?" मी विचारलं.

"हार्डवेअरवाल्या लाइलचा मेहुणा ट्रक घेऊन मॅडिसनला जातो. त्याच्याबरोबर पाठवीन."

"आणि तू?"

"मला कुठे बोलावलंय," तो म्हणाला आणि पॉलिश-पेपर घासायला लागला. उद्या बर्फ पडणार आहे हे सांगावं तशा आवाजात.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. ब्रेंटची बायको, रोझान, न्यू जर्सीची. तिकडच्या लोकांबद्दल वाईट बोलायचं नाही असं आम्हाला लहानपणापासून शिकवलंय, म्हणून मी नुसता विचार करते. त्या दिवशी खूप विचार केला. पाळणा हवा, आजोबा नको! एकुलता एक मुलगा, पहिली नात, म्हातारा इथे चोच कोरून बसलाय, आणि बाईसाहेबांना एक फोन करून 'या' म्हणायला जड जातं.

ब्रेंटने नवा कॉम्प्युटर मात्र ताबडतोब पाठवला. पातळ, चकचकीत आणि अतिशय हुशार. चालू झाल्या झाल्या त्याने सांगितलं की बाहेर थंडी आहे.

"बरं झालं सांगितलं," मी म्हटलं. "आपण अंगणात पोहायला निघालोच होतो."

आता त्याच्यावर ऑर्लिनचा जुना कोरायचा प्रोग्रॅम बसवायचा होता. वेलीची नक्षी त्याच प्रोग्रॅमात काढलेली; दुसरा कुठला प्रोग्रॅम ती उघडत नव्हता. बसवला. चिन्हावर टिचकी मारली. तर समोर पाटी: अमुक तमुक फाइल सापडत नाही, म्हणून मी चालणार नाही. बास. लग्नात रुसून मांडवाबाहेर जाऊन बसलेल्या काकासारखा. काय झालं ते सांगायचं नाही, कोणी ताट आणून दिलं तर घ्यायचं, पण आत यायचं नाही.

मी चर्चच्या ऑफिसात जन्म काढलाय. रविवारचं पत्रक छापायचं काम माझ्याकडे, म्हणजे कॉम्प्युटर या जातीशी माझं जुनं वैर. त्यामुळे ही नाटकं मला ठाऊक आहेत. प्रोग्रॅम काही सगळं सामान बरोबर घेऊन येत नाही. तुमच्या घरी स्वयंपाकाला येणारी बाई तेल-मीठ तुमच्याकडे असणारच असं धरून चालते ना, तसंच हे. ते तेल-मीठ म्हणजे रनटाइम. जुन्या कॉम्प्युटरच्या फडताळात ते कधीकाळी कोणीतरी भरून ठेवलं होतं. नव्याचं फडताळ रिकामं.

पण माझं ऐकतो कोण? गावात लाइल होता ना.

लाइलचं हार्डवेअरचं दुकान आहे आणि तो गावाचा कॉम्प्युटरतज्ज्ञ आहे. चर्चचा प्रिंटर बंद पडला होता, तेव्हा त्याने तो बंद करून परत चालू केला. तेव्हापासून त्याच्याशिवाय गावाचं पान हलत नाही. लाइल आला, खुर्चीत बसला, पाटी वाचली, "हं" म्हणाला. मग त्याने सगळ्यात नवा रनटाइम आणून बसवला.

"याला जुना लागतो, लाइल," मी म्हटलं. "त्याच सालातला."

"आर्डिस, नवं असलं म्हणजे जुनं त्यात आलंच."

"असं होय? मग तुझ्या नव्या ट्रकला जुन्याची चाकं बसव बघू."

तो हसला, म्हणजे ऐकलं नाही. टिचकी मारली, पाटी तिथेच. मग त्याने दुसरी अक्कल चालवली. जी एक फाइल नाही म्हणतोय, तेवढीच फुकटात देणारी कुठलीशी साइट शोधली, तिथून ती उचलली आणि प्रोग्रॅमच्या शेजारी नेऊन ठेवली. पाटी बदलली. आता ती म्हणत होती की फाइल आहे, पण बिघडलेली आहे. आणि कोपऱ्यातून एकामागोमाग एक जाहिराती उगवायला लागल्या. आधी कानाची यंत्रं. मग एक केस मोकळे सोडलेली बाई, आणि खाली लिहिलेलं: 'तुमच्या परिसरातल्या एकट्या स्त्रिया तुम्हाला भेटायला उत्सुक आहेत.'

"ऑर्लिन," मी म्हटलं, "तुझ्या परिसरात एकट्या बायका दोनच. मी आणि ग्लॅडिस हाउगेन. आणि ग्लॅडिस ब्याण्णव वर्षांची आहे."

ऑर्लिन कानापर्यंत लाल झाला. लाइलला दुकानात एकदम गिऱ्हाईक आठवलं.

दुसऱ्या दिवशी मी गरम हॉटडिशचं भांडं घेऊन गॅरेजात गेले. खिमा, घेवडा, वरून बटाट्याचे गोळे. आमच्याकडे कोणी मेलं, जन्मलं किंवा कॉम्प्युटर बिघडला की हेच नेतात.

"थोडं जेवून घे," मी म्हटलं.

"नको गं, आत्ताच खाल्लं."

"थोडंसंच."

"नको, उगीच तुला कमी पडेल."

"अरे, टाकून द्यावं लागेल रे."

"बरं, टाकूनच देणार असशील तर," असं म्हणत त्याने ताटभर वाढून घेतलं. सकाळपासून पोटात काही नव्हतं, हे खाण्याच्या वेगावरून दिसत होतं. ताकाला जाऊन भांडं लपवायची ही आमच्या गावाची रीतच आहे. पहिल्यांदा विचारलं तर नको, दुसऱ्यांदा विचारलं तर नको, तिसऱ्यांदा विचारलं तर समोरच्यावर उपकार म्हणून हो. पहिल्याच विचारण्याला हो म्हणणारा माणूस आमच्याकडे एकतर लहान मूल असतो किंवा परगावचा.

"आता सगळं काढ आणि माझ्यासमोर पहिल्यापासून बसव," मी म्हटलं. "मला बघू दे हा कुठे अडतो ते."

त्याने प्रोग्रॅम काढला, पुन्हा बसवायला घेतला. पट्टी हिरवी होत गेली. मधेच एक चौकट आली. चांगली स्वच्छ, मोठ्या अक्षरात: 'या प्रोग्रॅमला चालण्यासाठी पुढील रनटाइम लागतात. ते आत्ता बसवून देऊ का?' खाली दोन बटणं, हो आणि नको.

ऑर्लिनने 'नको' दाबलं.

चौकट गेली. पट्टी पूर्ण झाली. 'प्रोग्रॅम बसवून झाला.'

मी पडद्यावर बोट ठेवलं. "अरे, नको का दाबलंस?"

"कुठे?"

"आत्ता! तो स्वतःहून बसवून देतो म्हणत होता. फुकट. योग्य सालातला. तू नको म्हणालास!"

ऑर्लिनने पडद्याकडे पाहिलं, मग ताटाकडे. "एवढ्यात हो म्हणायचं?"

"मग कधी म्हणायचं?"

"म्हणजे... आत्ता तर आलाय तो घरात. लगेच त्याला कामाला लावायचं? बरं दिसत नाही." मग हळूच म्हणाला, "हात आपोआप तिकडे जातो गं. मला वाटलं, विचारेल पुन्हा."

"विचारलं त्याने पुन्हा?"

"नाही ना. मी तीनदा बसवला. दर वेळी एकदाच विचारतो आणि गप्प होतो. मला वाटलं, याला मनापासून द्यायचंच नसेल."

मला असं हसू फुटलं की चष्मा हॉटडिशमधे पडला. चाळीस वर्षं गावाला रंधा धरायला शिकवणारा माणूस, आणि यंत्राला वाईट वाटू नये म्हणून पाळणा अडकवून बसला होता! कॉम्प्युटर बिचारा सरळ. नको म्हणालात ना, बरं, नको. त्याला काय माहीत की आमच्या गावात नको हा शब्द बोलणं सुरू करायला वापरतात.

चष्मा पुसता पुसता माझं हसू मधेच थांबलं.

"ऑर्लिन, रोझानचा फोन आला होता का रे तुला? बाप्तिस्म्याचा?"

"आला होता. मागच्या महिन्यात."

"काय म्हणाली?"

"या म्हणाली."

"आणि तू काय म्हणालास?"

"म्हणणार काय? जे म्हणतात तेच. नको, माझी कशाला अडचण."

"मग?"

"मग तिने बरं म्हटलं आणि फोन ठेवला." त्याने काटा खाली ठेवला. "मी फोनपाशी बसलो होतो थोडा वेळ. म्हटलं, परत करेल. नंतर ब्रेंटचाही काही नाही. म्हणजे एकदा म्हणायचं म्हणून म्हणाली असेल. कर्तव्य उरकलं."

भीड ही भिकेची बहीण म्हणतात ते काही खोटं नाही. त्या माणसाला नातीला हातात घ्यायचं होतं, त्यापायी तो चोची कोरत होता, आणि त्याच्या त्या मेल्या नकोने त्याला या थंडगार गॅरेजात बसवून ठेवलं होतं. मला रडायला आलं, म्हणून मी त्याला चार शब्द ऐकवले.

"ऊठ," मी म्हटलं. "आधी हे काढ, पुन्हा बसव. आणि आता चौकट आली की पहिल्या झटक्याला हो. नको दाबलंस तर तुझा हात यंत्राखाली ठेवीन."

त्याने बसवायला घेतलं. चौकट आली: बसवून देऊ का? ऑर्लिनने डोळे मिटून 'हो' दाबलं. लगेच दुसरी चौकट: या कॉम्प्युटरमधे बदल करू द्यायचे का? "बघ, हा विचारतोय पुन्हा," तो आशेने म्हणाला. मी डोळे वटारले. हो. मग आणखी एक: अटी मान्य आहेत का? हो. मग कॉम्प्युटर म्हणाला, माझा स्वतःचाच एक जुना भाग इंटरनेटवरून आणावा लागेल, आणू का? ऑर्लिनच्या कपाळावर घाम आला. एका दुपारी इतक्या वेळा हो तो स्वतःच्या लग्नातही म्हणाला नव्हता. तो उठून अंगणात एक चक्कर मारून आला आणि मग त्याने हो दाबलं.

तरी प्रोग्रॅम रुसलेलाच. फाइल बिघडलेली आहे. मी जरा डोकं खाजवलं. लाइलची ती फुकटातली फाइल! खरी फाइल आता आली होती, पण ही तोतया प्रोग्रॅमच्या शेजारी आधीच पाट अडवून बसली होती, आणि प्रोग्रॅम पहिल्यांदा शेजारीच बघत होता. तिला काढलं. जाता जाता त्या मोकळ्या केसांच्या बाईलाही घालवलं. ऑर्लिनला थोडं सुटल्यासारखं वाटलं असावं.

टिचकी मारली. पाटी नाही. पडदा क्षणभर पांढरा झाला, आणि मग हळूहळू वेल उमटली. पानं, फुलं, मधे अख्खा पक्षी. ऑर्लिनने फळी आवळली, बटण दाबलं. पातं घूं करत खाली उतरलं आणि चोचीच्या मागे पक्ष्याचं डोकं कोरायला लागलं. गॅरेजभर ताज्या लाकडाचा वास झाला.

ऑर्लिन बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "वाईट नाही."

आमच्या गावात याच्यापुढची स्तुती नाही. लग्नाच्या दिवशी माझ्या नवऱ्याने मला बघून एवढंच म्हटलं होतं.

घरी येऊन मी मॅडिसनला फोन लावला. रोझानने उचलला.

"मी आर्डिस. समोरची."

"बाबा बरे आहेत ना?" तिने घाबरून विचारलं. माझ्या मनात तिच्यावर रचून ठेवलेलं बरंचसं तिथेच ढासळलं.

"बरे आहेत. तू त्यांना बाप्तिस्म्याला बोलावलंस का?" असं तोंडावर विचारणं आमच्याकडे चोरीपेक्षा वाईट. पण म्हटलं, न्यू जर्सीशी न्यू जर्सीसारखंच बोलावं.

"बोलावलं म्हणजे काय! म्हटलं, पाळणा होवो न होवो, तुम्ही या, बर्फ वितळेपर्यंत राहा, खोली तयार केलीय. तर म्हणाले, नको. आर्डिस, मी फोन ठेवून रडले हो. माझं काय चुकलं? ब्रेंटला विचारलं तर तो म्हणाला, बाबा तसेच आहेत. तसेच म्हणजे कसे?"

"किती वेळा विचारलंस?"

"किती वेळा म्हणजे? एकदा. मोठं माणूस नको म्हणालं तर मी काय गळा धरू?"

"अगं, ते नको नव्हतं. ते पहिलं नको होतं."

"पहिलं? किती असतात?"

"दोन. तिसऱ्याला हो."

तिकडे बाळ कुरकुरलं, तिने त्याला थोपटलं. मग तिने विचारलं, "आणि तुम्हाला खरंच नको असेल तर काय म्हणता?"

"तेव्हा आम्ही म्हणतो, 'छान कल्पना आहे, बघू.'"

"देवा रे! सुट्टीत माझ्या आईकडे जाऊ म्हटलं की ब्रेंट दर वर्षी हेच म्हणतो!"

"ते तुमचं तुम्ही बघा," मी म्हटलं. "तू संध्याकाळी फोन कर. आणि तीनदा विचार. मधे थांबू नकोस."

मग मी परत समोर गेले आणि ऑर्लिनला बजावलं, की फोन येणार आहे, आणि पहिल्यालाच हो म्हण. तिला तीनदा विचारायला सांगितलंय हे मी त्याला बोलले नाही. सांगितलं असतं तर जित्याची खोड, त्याने दोन नको आधी वसूल करून घेतले असते.

फोन आला. तो उभा राहूनच बोलला; रोझानचा आवाज माझ्यापर्यंत येत होता.

"बाबा, बाप्तिस्म्याला याल का?"

"हो," ऑर्लिन ओरडलाच. शेजारच्या आळीत ऐकू गेलं असेल.

बिचारीने दुसरं आणि तिसरं घोकून ठेवलं होतं, ते वाया कसं घालवणार? "बाबा, खरंच या हो."

ऑर्लिनने घाबरून माझ्याकडे पाहिलं. "हो म्हणालो ना?"

"बाबा, तुमच्याशिवाय आम्ही पाण्याचा थेंबसुद्धा पाडू देणार नाही तिच्या डोक्यावर. याल ना?"

"हो," तो म्हणाला. या वेळी अगदी हळू. मग खुर्चीत बसला, आणि फोन कानाला तसाच लावून नुसता मान हलवत राहिला, जसं काही तिला दिसणार होतं.

मी माझ्या घरी आले. बरं वाटलं. मग 'बर्फ वितळेपर्यंत' हे आठवलं, आणि तितकंसं बरं वाटेना. आमच्याकडे बर्फ एप्रिलच्या आत हलत नाही. मायलो, माझा नवरा, गेल्यापासून सकाळी समोरच्या स्वयंपाकघरात दिवा लागला की मी कॉफी ठेवते. ऑर्लिन रस्ता ओलांडून येतो, पहिले दोन कप नको म्हणतो, तिसरा घेतो. तो दिवा लागला नाही तर कॉफी कोणासाठी ठेवायची? मला तो जायला हवा होता. आणि खरं सांगायचं तर मला तो जायला नको होता. हे सगळं माझ्याच हाताने केलेलं, तेव्हा तक्रार कोणापुढे करणार?

पाळण्याचं काम जोरात चाललं, आणि ऑर्लिनला नव्या धर्माची बाधा झाली. ज्याला त्याला हो. रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात कॉफी होती. ताटात लिंबाच्या वडीचा शेवटचा तुकडा उरला होता. आता शेवटचा तुकडा आमच्याकडे कोणी घेत नाही. त्याचा अर्धा घेतात, मग त्याचा अर्धा, मग त्याचा, आणि शेवटी जो कण उरतो तो मुंग्यांसाठी ठेवतात. पास्टरीणबाईंनी रीतीप्रमाणे विचारलं, "ऑर्लिन, घेता का?" ऑर्लिन म्हणाला, "हो," आणि अख्खा तुकडा उचलून तोंडात टाकला. लाइलच्या हातातला कप कलंडला.

"बरा आहे ना हा?" ग्लॅडिस हाउगेनने मला विचारलं.

"कॉम्प्युटरने बिघडवला," मी म्हटलं.

"आर्डिस, तुझं अगदी बरोबर आहे," ऑर्लिन घरी येताना म्हणाला. "हो म्हणजे हो, नको म्हणजे नको. एकदा विचारायचं, खरं ते ऐकायचं, पुढे जायचं. किती वेळ वाचतो! मी सत्तर वर्षं काय करत होतो?"

"वाईट नाही," मी म्हटलं.

शुक्रवारी सकाळी तो निघाला. पाळणा गोधड्यांत गुंडाळून गाडीत मागे ठेवलेला. मी शेवटचं एकदा बोट फिरवून पाहिलं होतं. पक्षी वेलीवर असा बसला होता की हात लावला तर उडेल. मी वाटेसाठी सँडविच दिले. एक म्हटलं, दोन घेतले. निरोप घ्यायला आमच्याकडे एक तास लागतो: आधी मांडीवर थाप मारून 'चला मग', मग दाराशी, मग पायरीवर, मग गाडीच्या काचेतून. त्याने तो माझ्या पायरीवरच संपवला. मग टोपी हातात घेऊन थोडा घुटमळला.

"आर्डिस, तूही चल ना. रोझान म्हणते दोन खोल्या आहेत. मला पण... म्हणजे, मला आवडेल."

मनाने मी केव्हाच हो म्हणून बसले होते. आणि तोंडाने काय म्हणावं?

"नको रे बाबा. तुमच्या घरच्या कार्यात मी कुठे मधेच."

ऑर्लिनने माझ्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा जरासा उतरला. "बरं," म्हणाला, टोपी घातली आणि पायऱ्या उतरून गेला.

मी उभी. दुसरं नको जिभेवर तयार. तिसऱ्याला काय म्हणायचं तेही तयार: 'एवढं म्हणतोसच तर.' तो काचेवरचा बर्फ खरवडत होता. म्हटलं, खरवडून झालं की विचारेल. तो गाडीत बसला. म्हटलं, काच खाली करेल. इंजिन सुरू झालं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, की हा विचारणार नाही. मीच शिकवलं होतं त्याला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आणि स्वतः मात्र पायरीवर उभी राहून दुसऱ्या आमंत्रणाची वाट बघतेय!

गाडी मागे सरकायला लागली. मी धावले. पायात सपाता, अंगात एप्रन, या वयात, त्या बर्फात. शेजारी ग्लॅडिसच्या खिडकीतला पडदा हलला, हलू दे. मी गाडीच्या बॉनेटवर दोन्ही हातांनी थाप मारली. गाडी थांबली. काच खाली आली.

"काय झालं? काही राहिलं का?"

"मी."

"तू तर नको म्हणालीस."

"म्हणाले." मला धाप लागली होती. "खोटं म्हणाले. मला यायचंय, ऑर्लिन."

आमच्या गावात असलं वाक्य दिवसाउजेडी, रस्त्यात उभं राहून कोणी बोललेलं मी ऐकलेलं नाही. त्याने इंजिन बंद केलं. शेजारच्या सीटवरचे सँडविच उचलून मागे, पाळण्याशेजारी ठेवले. मग वाकून माझ्या पायांकडे पाहिलं.

"बूट घालून ये," तो म्हणाला. "मी थांबतो."